सबाखा आणि चाळीस गोंडे

बुरहानपुरात आणि बुरहानपुराबाहेर तीन मैलांपर्यंत भोकं असलेली अशी एकही वस्तू नसेल, जिला आमच्या पार्सलबाबूंनी डोळा लावून पाहिलं नाही. मी जकात नाक्यावरचा माणूस आहे, अदमासाने बोलायची मला सवय नाही. तीन मैल म्हणजे तीनच मैल. त्यापुढे ते पायी जात नसत. पण तेवढ्या टापूत चाळण्या, मच्छरदाण्या, बैलांची मुसकी, कोंबड्यांची खुराडी, मकबऱ्यांच्या दगडी जाळ्या, माझ्या बायकोचा तळणीचा झारा, सगळ्यांतून त्यांनी जग पाहिलेलं होतं, आणि प्रत्येक वस्तू परत करताना तिच्या मालकाला एकच प्रश्न विचारलेला होता: "याला तुमच्यात काय म्हणतात?"

याची सुरुवात मला नक्की सांगता येते. आजूबाजूची संस्थानं एकेक करून विलीन होत होती त्या काळातला, दसऱ्यानंतरचा पहिला रविवार, कचेरी सुटल्यावरची संध्याकाळ. ठिकाण राजपुऱ्यातलं माझं घर. रक्कम सव्वा रुपया. हजर तिघं: पार्सलबाबू, मी आणि माझी बायको. बाबूंनी कोटाच्या आतल्या खिशातून एक रुपया आणि एक पावली काढली, चहाच्या कपाशेजारी ठेवली आणि बायकोला म्हणाले, "वहिनी, तुम्ही पंच. या गावात जो कोणी मला सबाखाला खरा मराठी शब्द देईल, त्याला हे द्यायचे."

"सबाखा म्हणजे काय?" बायकोने विचारलं.

"तेच तर विचारतोय."

बायकोने पैसे उचलून मसाल्याच्या डब्यात, लवंगांच्या वाटीखाली ठेवले. ते तिथे दीड वर्ष राहिले.

बाबू कोकणातले, अलिबागेकडचे. धर्माने यहुदी. त्यांच्या लोकांना तिकडे शनवार तेली म्हणतात, कारण आजे-पणजे तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत. घरात बोली मराठी, जेवणात भात आणि मासे, प्रार्थना मात्र हिब्रूत. बुरहानपुरात हे कुणाच्या ध्यानात बसेना. टोपीवरून कोणी त्यांना पारशी समजे, दाढीवरून कोणी मुसलमान. आमच्या गावी प्रार्थनेच्या जागेला मशीदच म्हणतात, असं त्यांनी एकदा सहज सांगितल्यामुळे गोंधळ आणखी वाढला. मिठाईवाल्याने एकदा स्पष्टच विचारलं, "बाबूजी, सीधे सांगा ना, तुम्ही आहात कोण?" बाबू म्हणाले, "पार्सल क्लार्क." त्यांच्या मते प्रश्नाचं पूर्ण उत्तर झालं होतं.

शनिवारी ते काम करत नसत. लिहीत नसत, विस्तव पेटवत नसत, पैशाला हात लावत नसत. त्या बदल्यात वर्षातले सगळे रविवार, दिवाळी, होळी आणि दोन्ही ईद ते एकटे कचेरीत बसत, त्यामुळे स्टेशनातला प्रत्येक माणूस त्यांच्या धर्माचा मोठा चाहता होता. शनिवारी दुपारी ते माझ्या नाक्यावर येऊन बाकावर बसत. मी गाड्या मोजत असे: कापसाच्या इतक्या, केळ्यांच्या इतक्या. थोड्या वेळाने ते म्हणत, "नाकेदार, आज तरी मोजू नका हो." मी म्हणे, "माझा शनिवार नाही." मग ते डोळे मिटत, म्हणजे निदान मोजणं त्यांना दिसू नये.

शब्दांच्या बाबतीत मात्र त्यांना कोणत्याच वाराची सुटी नसे. एका केळीवाल्या शेठने टोपल्यांवर चिठ्ठ्या लावल्या, त्यांवर लिहिलं होतं "माल". बाबूंनी सगळ्या टोपल्या धक्क्यावर उतरवून ठेवल्या.

"माल म्हणजे काय?"

"अहो बाबूजी, दिसतात ना, केळी आहेत."

"मला दिसतात. पुढच्या स्टेशनच्या बाबूला चिठ्ठी दिसणार. मालच लिहायचं तर मला पण चिकटवा एक चिठ्ठी, मी पण मालच."

शेठने निमूटपणे सत्तावीस चिठ्ठ्यांवर "केळी" लिहिलं. बाबूंनी त्या वाचल्या आणि म्हणाले, "कच्ची की पिकी?" या प्रकरणात गाडी चुकली. केळी मात्र तेवढ्यात पिकली, त्यामुळे निदान या प्रश्नाला उत्तर मिळालं.

आता सबाखा. बाबूंचे वडील कीर्तनकार होते. त्यांच्या लोकांत धर्मग्रंथातल्या कथांवर मराठी कीर्तनं होतात, हे मला बाबूंकडूनच कळलं. वडिलांनी शलमोन राजाच्या मंदिरावर आख्यान रचायला घेतलं होतं. वही पुरी झाली होती, फक्त जिथे जिथे सबाखा हा हिब्रू शब्द यायचा तिथे त्यांनी बोटभर जागा कोरी सोडली होती. योग्य मराठी शब्द मिळाला की भरू म्हणून. तो मिळण्याआधी वडील वारले. मी ती वही पाहिली आहे. कोऱ्या जागा अकरा.

बाबू समजावून सांगत ते असं: मंदिराच्या दारात पितळेसारख्या धातूचे दोन मोठे खांब. खांबांच्या डोक्यावर घड्यासारखे गोल, फुगीर कळस. त्या कळसांना गुंडाळलेली ही सबाखा, आणि तिच्यावर डाळिंबं, एका ओळीत शंभर. हाच शब्द त्यांच्या ग्रंथात आणखी कुठे खिडकीच्या जाळीला येतो, तर कुठे पाय अडकवणाऱ्या फासाला. "जाळी लिहून मोकळे व्हा," मी म्हटलं. ते म्हणाले, "जाळीतून वारा येतो. खांबाच्या डोक्यावर वारा कशाला? बाबांना जाळी शब्द ठाऊक नव्हता काय?"

इथपर्यंत मला या प्रकरणात रस नव्हता. पण मग ते म्हणाले की ग्रंथात दुसऱ्या एका ठिकाणी याच डाळिंबांचा आकडा आहे: ओळीत शंभर, पण बाहेरून दिसतात शहाण्णव. मी हातातलं काम खाली ठेवलं. शब्द सापडला काय, न सापडला काय, मला सारखंच होतं. पण चार डाळिंबांचा फरक कोणी कारण न देता सोडून द्यावा, हे मला पटेना. त्या दिवसापासून शब्द त्यांनी शोधायचा आणि चार डाळिंबं मी, अशी आमची वाटणी झाली.

सव्वा रुपयाची बातमी गावभर पसरली आणि ज्याने त्याने आपापल्या घरातून शब्द आणला. गवंड्याने आणली जाली. मागावरच्या विणकराने आणला जाळीदार पोत. तापीवरचा भोई आपलं जाळंच घेऊन आला आणि म्हणाला, "मासा कोणता धरायचा ते सांगा, मग नाव सांगतो." बाबूंनी त्याच्याकडचा मासा उलटसुलट करून खवले तपासले, कारण बिनखवल्याचा मासा त्यांच्या धर्माला चालत नाही, आणि तो विकत घेतला. शब्द परत केला. एक शेतकरी असीरगढाजवळच्या गावातून केवळ "मुसकं" एवढा शब्द सांगायला आला. बाबूंनी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, "शब्द खणखणीत आहे, पण देवाच्या खांबाला मुसकं बांधवत नाही."

एकदा तर ते उतावळी नदीकाठच्या काळ्या दगडी मकबऱ्यात खिशात डाळिंब घालून गेले. जाळीवर डाळिंब कसं बसत असेल ते पाहायचं होतं. एका हाताने वरून डाळिंब पलीकडे सोडलं आणि दुसरा हात जाळीतून घालून ते पकडलं. पकडल्यावर मूठ बाहेर येईना. रखवालदाराने मला बोलावून आणलं तेव्हा बाबू कोपरापर्यंत मकबऱ्यात होते.

"बाबूजी, अनार छोड़ दो, हाथ निकल आएगा," रखवालदार सांगत होता.

"मघापासून तेच सांगतोय हा," बाबू मला म्हणाले. "पण सोडलं तर ते पलीकडेच राहणार."

"राहू द्या. डाळिंब आहे."

मग त्यांनी मूठ सोडली, पण माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी काढून घेतलं.

याच दीड वर्षात मुंबईहून त्यांच्या मुलाची पत्रं येत होती. बाबूंची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा एवढा एकच. त्याने आपली, बायकोची, दोन्ही पोरांची आणि बापाची नावं नव्या देशात जाण्यासाठी नोंदवली होती. त्यांच्या लोकांचं नवं राज्य झालं होतं, पुष्कळ कुटुंबं निघाली होती. दर पंधरा दिवसांनी पत्र येई: बाबा, कधी निघता. बाबू ते मला वाचून दाखवत आणि दर वेळी तेच उत्तर लिहीत, की आजोबांच्या वहीतला शब्द शोधतो आहे, मिळाला की निघतो. एकदा मी चेष्टेने म्हटलं, "बाबू, सगळी संस्थानं सामील झाली, तुमचं एकच बाकी आहे." ते हसले. म्हणाले, "माझ्या संस्थानात माणूस एकच आहे, नाकेदार. त्याचंच मत पडत नाही."

आणखी एक सवय सांगायची राहिली. लालबागेतल्या रेल्वे क्वार्टरांपासून माझ्या घरी यायला राजपुऱ्याच्या दरवाज्यातून सरळ वाट आहे. बाबू मात्र नेहमी लोधीपुऱ्याकडून वळसा घालून येत. पाऊण मैल जास्त. का विचारलं तर म्हणत, "दरवाज्यात धूळ फार." लोधीपुऱ्यात धूळ जास्त असते हे मी त्यांना दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा त्यांनी मान डोलावली आणि तिकडूनच घरी गेले.

माझ्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं, आणि रुखवतात ठेवायला गोंड्यांचं शिंकं हवं असं बायकोने सांगितलं. दुधातुपाचं भांडं मांजरापासून आणि मुंग्यांपासून दूर राहावं म्हणून ते दोरीच्या ज्या विणीत घालून आढ्याला टांगतात, ते शिंकं. रुखवतातलं तेवढं सजवलेलं. राजपुऱ्याच्या दरवाज्यात एक म्हातारी शिंकी विणत बसायची, तिला सगळे मावशी म्हणत. तिची रीत अशी की तयार शिंकं ती विकतच नसे. भांडं आणून द्यायचं, ती भांड्याच्या अंगावरच विणणार. "मापानं विणलं तर शिंकं भांड्याला ओळखत नाही," असं तिचं म्हणणं. मी नवी कळशी नेऊन दिली आणि चाळीस गोंड्यांची ओळ सांगितली.

आठ दिवसांनी आणायला गेलो. कळशीच्या पोटावर दोरीची वीण घट्ट बसली होती, वरून चार दोऱ्या निघून एका कडीत गेल्या होत्या, आणि पोटाभोवती लाल गोंड्यांची ओळ होती. मी मोजली. छत्तीस.

"मावशी, चार कमी आहेत."

"पूरे चाळीस हाय, भाऊ."

"मी तीनदा मोजले."

"मग चौथ्यांदा हातानं मोजा. डोळ्यानं काय मोजता?"

तिने माझं बोट धरलं आणि जिथे एक दोरी विणीला गाठून वर गेली होती त्या गाठीखाली सारलं. आत एक मऊ गोंडा होता. अशा चार गाठी, चार गोंडे.

"हे लपवले कशाला?"

"लपवू कशाला? सारा जोर या चारांवर येतो ना. हे नसले तर दोरी कळशीला घासते, मग एक दिवस तुटून जाते." तिने कळशी माझ्या हातात दिली. "छत्तीस मेहमानांसाठी, चार कळशीसाठी."

कळशी घेऊन मी दरवाज्याच्या सावलीत बराच वेळ उभा राहिलो. गोल, फुगीर भांडं. त्याला अंगाबरोबर गुंडाळलेली वीण. विणीवर फळांसारखी ओळ. आणि हिशेबातून चार कमी. माझ्या वाट्याचं काम झालं होतं, आणि त्यासोबत बाबूंच्या वाट्याचंही.

मी ते त्यांना सांगितलं नाही. नऊ दिवस सांगितलं नाही. त्याच आठवड्यात मुलाचं पत्र आलं होतं: तुमच्यासाठी दोनदा नंबर पुढे ढकलला, होळीनंतरचा हा तिसरा, तुम्ही आला नाहीत तर आम्हीही जात नाही, पोरांची शाळा इथेही नाही आणि तिथेही नाही अशी झाली आहे. हे पत्र बाबूंनी मला मोठ्याने वाचून दाखवलं नाही, नुसतं हातात दिलं. मला पक्कं ठाऊक होतं की शब्द मिळाला की ते निघणार. शनिवारी बाक रिकामा राहणार.

बायकोने रुखवतात मांडलेल्या शिंक्याकडे मी सारखा पाहतो हे हेरलं आणि माझ्याकडून सगळं काढून घेतलं. मग म्हणाली, "नाक्यावरून लिंबू सुद्धा पावतीशिवाय सोडत नाही तुम्ही. आणि माणसाची वस्तू इतके दिवस घरात दाबून ठेवली?"

लग्न पार पडलं. कळशी सासरी जाण्याआधी शनिवारी मी ती नाक्यावर नेली आणि बाबूंच्या शेजारी बाकावर ठेवली. "मोजा," मी म्हटलं.

"आज शनिवार आहे."

"मग मी मोजतो. दिसतात छत्तीस." मी त्यांचं बोट धरून एका दोरीखाली सारलं, जसं मावशीने माझं सारलं होतं.

चारही गाठींखाली त्यांनी बोट फिरवलं. तोवर केळ्यांच्या दोन गाड्या गेल्या, त्या मी तशाच सोडल्या नाहीत, पण एवढं खरं की उशिरा लिहिल्या. शेवटी बाबू म्हणाले, "आज पैशाला हात लावता येत नाही. उद्या सकाळी वहिनींकडून सव्वा रुपया घेऊन या."

रविवारी कचेरीतून तासभर सुटी काढून ते नाक्यावर आले. मी सवयीने लोधीपुऱ्याच्या वाटेला वळलो, तर म्हणाले, "सरळ."

दरवाज्यात मावशी एका लोट्यावर विणत होती. तिने मान वर केली आणि माझ्याकडे न पाहता त्यांच्याकडे पाहिलं. "या बाबू. दीड सालानं वाट मिळाली का? त्या दिवशी उभं राहून सारं विणणं पाहिलं, एक बोल बोलले नाहीत. मग या रस्त्यानं फिरकले नाहीत. मी म्हटलं, माझं काय चुकलं?"

मी बाबूंकडे पाहिलं. ते विणीकडे पाहत होते.

"मुलाचं पहिलं पत्र आलं होतं," ते म्हणाले. "नाही म्हणवेना आणि हो म्हणवेना. लिहून टाकलं, बाबांचा शब्द शोधतोय, मिळाला की येतो. पत्र टाकलं आणि दुसऱ्याच दिवशी ही दिसली, विणताना."

"मग बक्षीस कशाला लावलंत?" मी विचारलं.

"शोधतोय असं लिहिलं होतं ना मुलाला. खोटं कसं ठरू द्यायचं? म्हणून शोधलं. हिला सोडून सगळ्यांना विचारलं."

मग ते मावशीसमोर उकिडवे बसले. "मावशी, याला तुमच्यात काय म्हणतात?"

"शिंकं," ती म्हणाली. "तुमच्यात?"

"आमच्यात पण शिंकंच म्हणतात."

"देवळाच्या खांबाला शिंकं चालेल का पण?" मला राहवेना म्हणून मी विचारलं.

उत्तर मावशीने दिलं. "का नाही? घरात जे सगळ्यात चांगलं असतं ते शिंक्यातच ठेवतात ना. खाली कोण ठेवतं?"

बाबूंनी सव्वा रुपया तिच्या पुढ्यात ठेवला. ती म्हणाली, "मी काही विकलं नाही, पैसे कशाचे?"

"इतके दिवस विचारलं नाही, त्याचे."

बाबूंनी त्याच दिवशी अकरा कोऱ्या जागा भरल्या, शाईने. कुठे ओवी लंगडी झाली, ती तशीच ठेवली. होळीनंतर चौथ्या दिवशी ते मुंबईच्या गाडीने निघाले. त्यांची ट्रंक धक्क्यावर होती, तिच्यावर त्यांच्याच अक्षरात चिठ्ठी होती आणि चिठ्ठीवर लिहिलं होतं "माल". मी ती पाहिली हे त्यांनी पाहिलं. "इतक्या गोष्टी आहेत," ते म्हणाले, "एका चिठ्ठीवर मावेनात." वही त्यांच्या काखेत होती आणि हातात शिंक्यातला एक पितळी लोटा.

पुढे एक पत्र आलं. घर नवं आहे, छताला कडी नाही, शिंकं खिडकीच्या गजाला टांगलं आहे, नातवंडं येता-जाता गोंडे मोजतात आणि छत्तीसच भरतात म्हणून भांडतात. मी त्यांना अजून सांगितलेलं नाही, असं लिहिलं होतं. शनिवारी मी आता बाकाकडे पाठ करून बसतो, मोजणीत चूक होऊ नये म्हणून. अधूनमधून स्टेशनाकडून घरी येताना लोधीपुऱ्याकडून येतो. पाऊण मैल जास्त पडतं आणि धूळ तर आहेच.

सव्वा रुपयाचं एवढं नोंदवून ठेवतो की त्या रविवारी सकाळी, बाबू आणि मी हजर असताना, तो राजपुऱ्याच्या दरवाज्यातल्या शिंकेवाल्या मावशीला पूर्ण देण्यात आला. फुकटचा नको म्हणून तिने त्याच पैशात हातातलं विणकाम बाजूला ठेवून बाबूंचा लोटा मागवला आणि त्यावर चाळीस गोंड्यांचं शिंकं विणून दिलं. तेव्हा बक्षीस असं कोणालाच मिळालं नाही.